गुळगुळीत पत्रा

पिकप दारात येऊन उभी राहिली तेव्हा आशाबाईनं आधी तिच्या हौद्यात डोकावून बघितलं, तर खालची माती दिसली. तळाचा पत्रा ठिकठिकाणी गंजून गेला होता. भोकांच्या कडा पापडासारख्या झाल्या होत्या, बोट लावलं की तांबडा चुरा पडायचा. आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं खताची पोती वाहिली होती आणि खतानं लोखंड खाल्लं होतं.

"आधी पुढं ओवाळ, माय. मागून काय बघून राहिली?" शिवशंकर म्हणाला.

ती ताट घेऊन पुढं गेली. बॉनेटला कुंकू लावलं, नारळ फोडला. शिवशंकरची बायको पुनम दाराच्या चौकटीला टेकून हसत होती. शिवशंकरचा बाप सोनाजी मात्र गाडीभोवती एक फेरी मारून पुन्हा मागं जाऊन उभा राहिला. डावा पाय ओढत चालायची त्याला सवय झाली होती. तीन पावसाळ्यांमागं ओढ्याच्या दरडीवरून घसरून तो पडला, तेव्हापासून खुबा धरला तो धरलाच. मेंढरांमागं दिवसभर चालणारा माणूस आता जनावरं बसायच्या आखरापर्यंत गेला तरी काठीवर वजन टाकून उभा राहायचा.

गाडीपायी निम्मी मेंढरं विकली गेली होती. राहिलेली निम्मी वाघरीत, जाळीच्या कुंपणात, उभी होती आणि त्यांना चारायला जागा उरली नव्हती. डोंगरकडा गावाच्या अलीकडं त्यांचं खेडं. तिथलं गायरान कुणी सोयाबीन पेरून तर कुणी वीटभट्टी टाकून खाल्लं होतं. पूर्वी शेतकरी हाताला धरून मेंढरं बसवायला बोलवायचे, रानाला खत मिळावं म्हणून. आता त्याच रानांत पाणी आलं, बारमाही केळी आणि हळद उभी राहिली, आणि मेंढरू बांधावर दिसलं तरी माणसं दगड उचलायला लागली. सोनाजीच्या मनात होतं की मेंढरं गाडीत घालून लांब माळावर न्यावीत, सांजेला परत आणावीत. शिवशंकरच्या मनात माल वाहायचा होता. गाडी घेईपर्यंत बापलेकांनी ही गोष्ट एकमेकांना विचारलीच नव्हती. हौद्याचा तळ करायची वेळ आली तेव्हा ती उघडी पडली.

"बाभळीच्या फळ्या टाकू," सोनाजी म्हणाला. "धुऱ्यावरली बाभूळ कापून ठेवलेली हाय. चांगली वाळली. लाकडावर जित्राबाचा पाय धरतो."

"दादा, भावसिंगशेट लाकूड चालत न्हाई म्हणतेत," शिवशंकर बापाला म्हणाला.

"ते कोण?"

"केळीचे व्यापारी. कुरुंद्याचे. काल गाडी बघून गेले की. तळाला साधा पत्रा अन् वरून चारी बाजूंनी बंद ताडपत्री पाहिजे म्हणले. तेवढं केलं तर यंदाचा सगळा माल माझ्या गाडीत."

"अन् मेंढरं?"

शिवशंकर चाकाशी वाकला. टायरला लागलेला चिखल काडीनं काढत बसला.

सोनाजीनं दुसऱ्या दिवशी सकाळीच फळ्या उतरवल्या. आखराच्या छपरावर ठेवलेल्या त्या जड काळपट फळ्या त्यानं एकेक करून खांद्यावर घेतल्या आणि गाडीत टाकल्या. आशाबाई मदतीला गेली तर म्हणाला, "राहू दे, तुला झेपायचं न्हाई." मग शेवटच्या दोन फळ्या त्यालाच झेपेनात आणि त्या दोघांनी मिळून उचलल्या.

ते तिघंही आखाडा बाळापूरला गेले. बाजाराचा दिवस नव्हता, तरी रस्त्यावर गर्दी होती. ज्ञानोबाला सगळे ग्यानोबाच म्हणत. त्याचं वेल्डिंगचं दुकान रस्त्याला लागूनच होतं. तो काळा चष्मा कपाळावर सरकवून बाहेर आला, हौद्यात उडी मारली आणि टाचेनं पत्रा दोन-चार ठिकाणी दाबून बघितला. एका ठिकाणी टाच आरपार गेली.

"हे सगळं काढून टाकावं लागंल," तो म्हणाला. "नवीन काय टाकायचं ते सांगा."

त्यानं भिंतीला टेकवलेले पत्रे पुढं ओढले. एकावर उंचवट्याच्या बुट्ट्या होत्या, भाताच्या दाण्यांसारख्या आडव्यातिडव्या. दुसरा साधा, नवा, त्यात रस्त्यावरची माणसं उलटीसुलटी दिसत होती.

सोनाजी खाली बसला. खुब्यामुळं त्याला नीट उकिडवं बसता येत नव्हतं, एक पाय लांब करून तो टेकला. बुट्ट्यांच्या पत्र्यावर त्यानं तळहात फिरवला, मग साध्यावर फिरवला, मग आपल्या फळीवर.

"ह्यो बुट्ट्यांचा टाका मग," तो म्हणाला. "लाकूड नसंल चालत तर ह्यो तरी."

"घडाला टोचतो, दादा," शिवशंकर म्हणाला. "ठेचाळलेला घड काळा पडतो. शेट तिथंच बाजूला काढतेत."

"मग साधा टाक अन् माझ्या फळ्या वरून नुसत्या मांड. मेंढरं न्यायची तवा मांडायच्या, केळी न्यायची तवा काढायच्या."

"लाकूड मूत पितं. एकदा वास बसला की बसला. मग केळी कोण टाकंल ह्या गाडीत?"

ग्यानोबा बिडी शिलगावत म्हणाला, "तुमचं ठरवा. मला काय, काही बी बसवून देतो."

बापलेकांनी माना वळवल्या. दोघंही आपल्याकडंच बघताहेत हे आशाबाईला कळलं. तिला वाटलं, कुणीतरी तिसरं माणूस यावं आणि बोलावं. रस्त्यानं एक एसटी धूळ उडवत गेली. शिवशंकर शाळेत जायचा ते दिवस तिला आठवले. थंडीत त्याला घोंगडं पांघरून धाडलं तर पोरं नाक धरून त्याच्यापासून लांब बसायची, आणि एक दिवस तो घोंगडं वाटेतल्या बाभळीत लपवून कुडकुडत शाळेत गेला होता. सांजेला तिनंच ते काट्यांतून ओढून काढलं होतं. तेव्हापासून त्यानं मेंढरांना हात लावला नाही. पुनमच्या माहेरी सोयरीक जुळवताना पोराची गाडी होणार हेच सांगितलेलं होतं.

"सांग, माय," शिवशंकर म्हणाला.

"साधाच टाका," आशाबाई म्हणाली.

सोनाजीनं तिच्याकडं बघितलं नाही. काठी टेकून तो उठला आणि समोरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन बसला.

ताडपत्रीचं दुकान पलीकडच्या बाजूला होतं. दुकानदारानं निळी प्लास्टिकची दाखवली, ती बोटांनी दाबली की कागदासारखी वाजायची. मग जाड हिरवं कापड काढलं. मेणाचा वास येत होता आणि समोर धरलं तरी पाठीमागचा उजेड दिसत नव्हता. हौद्यावरच्या लोखंडी कमानींवर ताणून तिन्ही बाजूंनी पट्टी मारून ठोकायची, मागून फक्त दोरीनं बांधायची, म्हणजे वारं शिरत नाही आणि ऊन लागत नाही, असं त्यानं सांगितलं. शिवशंकरनं ते कापड दोन्ही हातांनी ताणून बघितलं. त्याचा चेहरा लहानपणी नवी चप्पल घातल्यावर व्हायचा तसा झाला होता.

तेवढ्यात सोनाजी चहा पिऊन आला.

"बाजूला एखादी झडप ठेव," तो हळूच म्हणाला. "वर करता येईल अशी."

"झडपेतून झळा येतेत," दुकानदार म्हणाला. "केळी करपती."

"दादा, ह्या गाडीत मेंढरू जायचंच न्हाई," शिवशंकर म्हणाला. आवाज चढवून नाही. समजावल्यासारखा म्हणाला.

"बरं," सोनाजी म्हणाला.

सांजपर्यंत काम झालं. फळ्या ग्यानोबाच्या भिंतीला टेकवलेल्या तशाच होत्या. त्या परत घालायच्या का, असं त्यानं विचारलं. नव्या पत्र्यावर ओरखडे उठतील म्हणून शिवशंकर घुटमळला. "राहू द्या," सोनाजी म्हणाला. "तुमाला कशाला तरी लागतील." आणि केबिनमध्ये चढायला त्यानं दोन्ही हातांनी दाराची दांडी धरली.

केळीचे दिवस सुरू झाले. पहाटे गाडी डोंगरकड्याकडच्या बागेत जायची. हमालांची तूट असायची म्हणून आशाबाई आणि पुनम संगं जायच्या. कापलेला घड माणूस खांद्यावरून आणायचा, या दोघी हौद्यात उभ्या राहून तो झेलायच्या, खाली केळीचा पाला अंथरायचा, त्यावर घड निजवायचा, पुन्हा पाला. चिकानं लुगड्यावर काळे डाग पडले ते धुऊन जाईनात. मानेवर, दंडावर चीक वाळून कातडी ओढायची. पुनम नवी होती, तिच्या तळहाताला फोड आले. तिनं ते कुणाला दाखवले नाहीत, भाकरी थापताना फुटले तेव्हा आशाबाईला दिसले.

सोनाजी एकदाच बागेत आला. मेंढरं शेजारच्या बांधाला लावून तो सावलीला, भरलेल्या हौद्याजवळ टेकला होता. भावसिंग पांढऱ्या बुटांवरून चिखल झटकत आला, जरा थांबला, नाक ओढलं.

"बुवा, तुमी थोडं तिकडं बसता का?" तो म्हणाला. रागावला नव्हता, अगदी अदबीनं म्हणाला. "घोंगड्याचा वास मालाला लागतो. पुढचा व्यापारी कटकट करतो."

सोनाजी उठला. तिकडं म्हणजे उन्हातच होतं. तो उन्हात जाऊन बसला. थोड्या वेळानं त्यानं खांद्यावरचं घोंगडं काढलं, घडी घालून बांधावर ठेवलं आणि त्याच्यापासून चार हात सरकून बसला. शिवशंकर टायरची हवा बघत होता. हवा चांगली होती, तरी तो बराच वेळ बघत होता. आशाबाईनं पुढचा घड झेलला आणि जोरात खाली ठेवला, तर भावसिंगचा माणूस ओरडला, "हळू बाई, पोरगं हाय समजून ठेवा."

घरी आल्यावर हौदा धुवायचं काम तिचं होतं. सोडा टाकलेलं पाणी, खराटा, मग निंबाचा पाला घासायचा. पत्रा असा लखलखायचा की तिला त्यात आपली कपाळावरची कुंकवाची आडवी चिरी दिसायची. एकदा धुताधुता तिचा पाय सटकला आणि ती कोपरावर आपटली. पुनम धावत आली. दोघी आधी घाबरल्या आणि मग हसत सुटल्या. कोपर आठ-दहा दिवस दुखत राहिलं. शिवशंकरला तिनं सांगितलं नाही. सोनाजीला तर नाहीच.

वैशाखात एका दुपारी आभाळ तांबडं झालं. वारं आलं ते धूळ घेऊनच आलं, मागून गारा. घराचे दोन पत्रे उडून शेजाऱ्याच्या उकिरड्यावर पडले. अर्ध्या तासात सगळं थांबलं आणि स्वच्छ ऊन पडलं. शिवशंकर गाडी काढून बागांकडं गेला, आशाबाई संगं गेली. रस्त्यावरूनच दिसत होतं. सगळ्या केळी एका दिशेला निजल्या होत्या, मोडलेल्या खुंटांतून पाणी ठिबकत होतं. कच्चे घड चिखलात रुतलेले. बागेचा मालक बांधावर बसून चप्पल हातात धरून होता, जणू घालायची विसरला होता. भावसिंग आला, बागेत दहा-वीस पावलं चालला आणि माघारी फिरला.

"शेट, दुसरीकडं कुठं?" शिवशंकरनं विचारलं.

"सगळीकडं हेच. पुढल्या साली बघू," तो म्हणाला. जाताजाता त्यानं हिरव्या ताडपत्रीवर थाप मारली. "गाडी मात्र चांगली बनवली तू."

मग गाडी दारात उभी राहिली. शिवशंकर रोज सकाळी ती पुसायचा, सुरू करायचा, बंद करायचा. हळदीचा माल गेला होता, सोयाबीनला अवकाश होता. त्यातच मेंढरांचं अवघड झालं. गारांनी बाभळीच्या शेंगा झडल्या, होतं नव्हतं ते वाळलेलं गवत भिजून काळं पडलं. दोन मेंढ्यांनी कोकरं टाकली. सोनाजी काठीनं बोरीच्या फांद्या वाकवून धरायचा आणि मेंढरं त्याच्या पायाशी गर्दी करायची. सांजेला तो आला की आशाबाई त्याचा खुबा तेलानं चोळायची. तिथली कातडी गरम लागायची.

एका सकाळी तोच म्हणाला, "मेंढरं बाजारात नेऊ."

"सगळी?" आशाबाईनं विचारलं.

"अर्धी ठेवून काय करू? मला चालवत न्हाई. पोराला चारवत न्हाई."

"कुठं नेता?"

"हिंगोलीला. चालवत न्यायची तर वाटंनं पाणी न्हाई. निम्मी वाटंतच बसतील." मग थोडं थांबून तो म्हणाला, "गाडी हाय की दारात."

शिवशंकर तोंड धूत होता. त्यानं पाणी तोंडात तसंच धरलं, मग थुंकलं आणि म्हणाला, "नेऊ, दादा."

ताडपत्री काढावी का, यावर बोलणं झालं. तिन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी मारून ठोकलेली, काढायची म्हणजे फाडायची. पुढल्या सालच्या केळीला ती लागणार होती. भल्या पहाटे निघून ऊन व्हायच्या आत पोचू, मागची बाजू वर बांधू, असं ठरलं. तळाला तुरीचं भुसकट टाकलं, वर ओलं बारदान अंथरलं. मेंढरं गाडीत चढायला तयार नव्हती. पत्र्याचा आवाज आला की मागं फिरायची. सोनाजीनं म्होरकी मेंढी उचलून आत ठेवली, तेव्हा बाकीची तिच्या मागं गेली.

"मी मागं बसते," आशाबाई म्हणाली.

"मी बसतो."

"तुमाला उभं राहवतं का?"

सोनाजी केबिनमध्ये बसला.

गाव सुटेपर्यंत ठीक होतं. डांबरी लागल्यावर गाडीनं वेग घेतला, आणि पहिल्या गतिरोधकालाच सगळी मेंढरं पुढं सरकली. बारदान त्यांच्यासंगं गोळा होऊन पुढं गेलं. खाली मूत आणि भुसकट मिळून लगदा झाला आणि त्या लगद्याखाली पत्रा होता. मेंढी उठायची, चारही पाय चार दिशांना फाकायचे, पुन्हा पोटावर पडायची. आशाबाई एकीला काखेत धरून उभी करायची तोवर दुसरी पडायची. तिची चप्पल सटकायला लागली तशी तिनं ती काढली. अनवाणी पायांना मग थोडा आधार मिळाला. एका हातानं कमान आणि एका हातानं मेंढीचा कान, असं करत ती पुढच्या ढिगाकडं सरकली. ढिगातली खालची मेंढरं ओरडत नव्हती. वरचीच ओरडत होती.

तिनं केबिनच्या पत्र्यावर मूठ आपटली. इंजिनाच्या आवाजात ती कुणाला ऐकू गेली नाही.

कळमनुरीच्या पुढं गाडी थांबली. आशाबाईला वाटलं, ऐकलं. पण मागच्या उघड्या बाजूनं दिसलं की मागं एक ट्रक येऊन थांबलाय, आणि त्याच्या मागं आणखी. पुढं एका फरशीपुलावर विटांचा ट्रॅक्टर आडवा झाला होता. शिवशंकर उतरून बघायला पुढं गेला. ऊन आता चांगलंच वर आलं होतं. गाडी चालत होती तोवर मागून थोडं वारं येत होतं, तेही थांबलं. हिरव्या कापडाखाली वाफ कोंडली. पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. मेंढरं तोंड उघडून हपापत होती, त्यांच्या जिभा बाहेर आल्या होत्या.

"आवं," ती ओरडली. "आवं, मरून राहिली ती."

सोनाजीला खाली उतरायला वेळ लागला. काठीचा आवाज तिला ऐकू आला, मग ताडपत्रीच्या पलीकडून त्याचा श्वास.

"मागचा फाळका उघडता येतो का बघ," तो म्हणाला.

फाळका उघडायला जागा नव्हती. मागच्या ट्रकचा बंपर हातभरावर होता आणि त्याचा ड्रायव्हरही पुढं गेलेला. दोन गाड्यांच्या फटीत आडवा होऊन सोनाजीनं बघितलं आणि तो पुन्हा बाजूला आला. कमरेला खोचलेली लोकर कातरायची सुरी त्यानं काढली आणि बाजूच्या कापडाला लावली.

तेवढ्यात शिवशंकर पळत आला. "दादा, फाडू नका. थांबा. ट्रकवाल्याला मागं घ्यायला लावतो. दोन मिनिटं."

सोनाजीचा हात थांबला. आशाबाईला कापडाच्या आतून सुरीच्या टोकाचा दाब दिसत होता, एक बारीक उंचवटा. तो पुढं येईना. शिवशंकर ट्रकवाल्याला हाका मारत पुढं गेला.

"इकडं द्या," आशाबाई म्हणाली.

तो मागच्या बाजूला आला आणि त्यानं सुरी आत दिली. तिनं ती दोन्ही हातांनी धरून कापडात खुपसली आणि वरून खाली ओढली. जाड कापड सहजी फाटेना. तिनं गुडघा कमानीला लावला, अंगाचं वजन टाकलं, तेव्हा ते टर्रकन फाटत गेलं. ऊन आत आलं आणि वारं आलं. तिनं दुसऱ्या बाजूलाही तसंच केलं. मग ढिगातल्या मेंढ्या एकेक करून बाजूला ओढू लागली. वरच्या उठल्या. मधल्या काही उठल्या. खालच्या ज्या होत्या त्या ओल्या पोत्यांसारख्या होत्या, उचलल्या की मान खाली लोंबायची. म्होरकी सगळ्यांत तळाला होती.

रस्ता मोकळा झाल्यावर गाडी बाजूला घेतली. निम्म्याहून जास्त गेली होती. बापलेकांनी ती ओढून रस्त्याच्या कडेला ठेवली. येणारेजाणारे थांबून बघत होते. एकानं विचारलं, अजून गरम हायत का, हलाल करता आली असती. सोनाजीनं त्याला हातानंच जा म्हणून खुणावलं. मग त्यानं म्होरकीजवळ बसून तिच्या गळ्यातली घंटी सोडायचा प्रयत्न केला. दोरी भिजून आवळली होती, ती सुटेना. त्यानं ती तशीच राहू दिली.

"मला वाटलं, दोन मिनिटांनी काय होतंय," शिवशंकर म्हणाला. कुणाला उद्देशून नाही.

"व्हय," सोनाजी म्हणाला. "मला बी तसंच वाटलं."

आशाबाईला काहीतरी बोलायचं होतं. साधा पत्रा टाका असं आपणच म्हणालो होतो, हे बोलायचं होतं. पण ते दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही बोलत नव्हते. ती बाजूच्या टेकाडाखालच्या डबक्याकडं गेली आणि हात धुऊ लागली. पायाला चटके बसून तळवे लाल झाले होते. चप्पल कुठं राहिली ते तिला आठवेना.

राहिलेली मेंढरं हिंगोलीच्या बाजारात गेली. दमलेली, मातकट, बसली की उठेनात. घेणाऱ्यानं जो भाव केला त्याला सोनाजीनं मान हलवली. घरी येताना तो म्हणाला, "मागं बसतो," आणि रिकाम्या हौद्यात, फाटक्या ताडपत्रीखाली बसून तो घरी आला.

त्यानंतरचे काही दिवस घरात चूल पेटायची, भाकरी व्हायच्या. सोनाजी पहाटे उठायचा, वाघरीपर्यंत जायचा आणि तिथं काही नाही हे बघून परत यायचा. वाघर गुंडाळून ठेवावी म्हणून आशाबाई एकदा गेली, तर तो म्हणाला, "राहू दे, उन्हानं खराब होत न्हाई." पुनमला दिवस गेले होते. तिनं ते सासूला सांगितलं तेव्हा दोघी चुलीपुढं बसल्या होत्या, आणि आशाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मिरगाचा पाऊस पडून गेल्यावर बाळापूरच्या बाजारचे शेळ्यांचे व्यापारी शिवशंकरकडं यायला लागले. फाटलेली ताडपत्री त्यांना चालत होती, उलट बरीच वाटत होती. पण पहिल्याच खेपेला दोन शेळ्यांचे पाय मोडले. व्यापारी चिडला आणि बुट्ट्यांचा पत्रा टाकून घे म्हणाला. नवा पत्रा टाकायला आता हातात पैसा नव्हता. शिवशंकर दिवसभर जेवला नाही.

दुसऱ्या खेपेला सोनाजी काठी दारात ठेवून गाडीकडं गेला.

"कुठं?" आशाबाईनं विचारलं.

"जातो संगं."

"खुबा?"

त्यानं फाळक्यावर पोट टेकवलं, डावा पाय हातानं उचलून आत घेतला आणि हौद्यात उभा राहिला. पाय फाकवले, पाठ कमानीला लावली. शेळ्या चढवल्या तशा त्यानं दोघींची शिंगं धरली, आणि बाकीच्या आपणहून त्याच्या नडग्यांना टेकल्या. गाडी हलली. वळणावर सगळं वजन त्याच्यावर आलेलं आशाबाईला दिसलं. तो हलला नाही. एकही शेळी पडली नाही. बाजारात माल धडधाकट उतरला.

मग तो प्रत्येक खेपेला जायला लागला. सांजेला आला की त्याच्या नडग्या खुरांनी सोललेल्या असायच्या, मांड्यांवर काळेनिळे वळ. खुब्याला तर तो हात लावू देत नसे. आशाबाई हळद गरम करून लावायची. शिवशंकर त्या वेळेला अंगणात हौदा धुवत असायचा. पूर्वी ते काम तिचं होतं, आता तो कुणाला करू देत नसे. पाण्याचा आवाज बराच वेळ यायचा.

"एखाद्या दिवशी राहा घरी," ती म्हणाली.

"घरी काय हाय?"

श्रावणात एका दुपारी एक अनोळखी व्यापारी मोटारसायकलवर आला. अंगणातूनच त्यानं आवाज दिला, "शिवशंकर कोण? परवाच्या बाजाराला गाडी पाहिजे होती. गाभण शेळ्या हायत, नाजूक माल."

"नेऊ की," शिवशंकर म्हणाला.

"तुमच्या गाडीत एक म्हातारा उभा राहतो म्हणतेत. तो असंल तरच देतो माल. हाय ना तो?"

शिवशंकरच्या हातात ओलं फडकं होतं. त्यानं ते पिळलं, पुन्हा पिळलं. व्यापारी वाट बघत होता. आशाबाई उंबऱ्यात उभी होती, तिच्या बोटांना हळद लागलेली होती. आत खाटेवर सोनाजी भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्याला झोप लागलीय असं तिला वाटलं होतं.

"शिवा," तो तसाच पडून म्हणाला. "हाय म्हणावं."